मनाचा आजार आणि आरोग्याचा विमा

आजच्या भाषणाचा विषय कोणाला रुक्ष वाटेल. परंतु ज्या घरांत मनाच्या आजारानें एकदां पाऊल टाकलें आहे, त्या घराला तो तसा वाटणार नाहीं. मानसिक आजारावरील उपचाराचा खर्च कोणी सोसावा, आणि आरोग्याचा विमा त्या कामीं कितपत उपयोगी पडतो, एवढाच हा प्रश्न आहे.

आपल्या नाशिकांत कोणाच्या हृदयावर शस्त्रक्रिया व्हावयाची असली, म्हणजे भेटीस आलेला पाहुणा प्रकृतीची चौकशी झाल्यावर सहज विचारतो, "विमा होता ना?" त्यांत कोणाला संकोच वाटत नाहीं. तोच गृहस्थ खोल नैराश्यानें ग्रासून रुग्णालयांत दाखल झाला, तर मात्र हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. विचारील कोण? आजाराची वार्ताच उंबरठ्याबाहेर जात नाहीं. "जरा थकवा आला आहे," "हवापालटास गेले आहेत," असें सांगून वेळ मारून नेण्यांत येते. कांहीं कुटुंबें आधीं त्र्यंबकेश्वरीं जाऊन शांति करितात. श्रद्धेशीं माझा वाद नाहीं. शांति करावी आणि डॉक्टरांकडेहि जावें. परंतु पैशाचा प्रश्न या लज्जेच्या आड दडून राहतो, आणि दडलेल्या प्रश्नाला उत्तर मिळत नाहीं.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. १९१२ सालच्या कायद्यानें रुग्णाला 'वेडा' हेंच नांव दिलें होतें. १९८७ च्या कायद्यानें भाषा सुधारली. तथापि रुग्णालयांत कोणाला, कसें आणि कोणाच्या हुकुमानें ठेवावें, यावरच त्याचीहि दृष्टि मुख्यतः खिळलेली होती. उपचार मिळणें हा रुग्णाचा हक्क आहे, हें तत्त्व आलें तें २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें. तो २९ मे २०१८ पासून अमलांत आला. त्याच्या २१ व्या कलमांत एक लहानसें पोटकलम आहे. त्याचा आशय असा कीं, शारीरिक आजारावरील उपचारासाठीं ज्या पायावर विमा दिला जातो, त्याच पायावर मानसिक आजारावरील उपचारासाठींहि प्रत्येक विमा कंपनीनें सोय केली पाहिजे. अमेरिकेंत अशाच समतेचा एक महत्त्वाचा कायदा २००८ सालीं झाला होता. आपण दहा वर्षांनीं त्या वाटेवर आलों.

परंतु कायदा झाला म्हणजे व्यवहार बदलला असें होत नाहीं. विमा नियामक प्राधिकरणानें १६ ऑगस्ट २०१८ रोजीं सर्व कंपन्यांना या पोटकलमाचें पालन करण्यास सांगितलें. २०१९ सालीं त्यानें आणखी स्पष्ट केलें कीं, मानसिक आजार वा मानसिक ताण यांवरील उपचार पॉलिसींतून वगळतां येणार नाहींत. एवढें होऊनहि, एका पॉलिसींत एकंदर विमा लाखों रुपयांचा असतां, मानसिक आजारासाठीं मात्र अगदीं तुटपुंजी मर्यादा घातलेली होती. तें प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापुढें गेलें. एप्रिल २०२१ मध्यें न्यायालयानें निर्णय दिला कीं, असा भेद कायद्याला धरून नाहीं, आणि समतेचें हें बंधन कायदा अमलांत आला त्या दिवसापासूनच कंपन्यांवर आहे. त्यानंतरहि ऑक्टोबर २०२२ मध्यें नियामकाला पुन्हा फर्मान काढून, महिनाअखेरपर्यंत सर्व पॉलिसी कायद्याला अनुरूप करा, असें बजावावें लागलें. एक वाक्य कागदावरून व्यवहारांत उतरण्यास चार वर्षें आणि एक न्यायालयीन लढा लागला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

मग आतां सर्व सुरळीत झालें काय? माझें उत्तर असें कीं, अर्धेंच झालें; आणि राहिलेलें अर्धें अधिक महत्त्वाचें आहे.

आपला नेहमींचा आरोग्यविमा हा मुख्यतः रुग्णालयांतील वास्तव्याचा विमा आहे. रुग्ण साधारणतः चोवीस तास दाखल असला, म्हणजे विम्याचें दार उघडतें. मोडलेल्या हाडाला ही रीति शोभते. मनाच्या आजाराचें तसें नाहीं. नैराश्य, चिंताविकार, मंत्रचळ यांनीं पीडलेल्या बहुसंख्य रुग्णांना दाखल होण्याची गरजच पडत नाहीं. त्यांना हवी असते महिन्या-दोन महिन्यांनीं तज्ज्ञाची भेट, रोजची गोळी, आणि मानसोपचारतज्ज्ञाबरोबर आठवड्यागणिक तासभर संभाषण. तेंहि अनेक महिने, क्वचित् अनेक वर्षें. हा सारा खर्च बाह्यरुग्णाचा. तो बहुतेक पॉलिसींच्या कक्षेंत येत नाहीं, किंवा जादा हप्ता भरून थोडासा येतो. केंद्र सरकारनें सप्टेंबर २०१८ मध्यें सुरू केलेल्या आयुष्मान भारत योजनेंत मानसिक आजारांचा समावेश आहे, परंतु तीहि दाखल होणाऱ्या रुग्णासाठींच. याचा परिणाम विपरीत होतो. आजार सौम्य असतांना कुटुंब पैशाकडे पाहून औषध थांबवितें, आणि तो विकोपाला जाऊन रुग्ण दाखल झाला म्हणजे विमा जागा होतो. समता शब्दांत आली. परंतु दोन आजारांची चालच भिन्न असल्यानें एकच नियम दोघांना सारखा न्याय देत नाहीं.

बेंगळुरूच्या 'निम्हान्स' संस्थेनें २०१५-१६ मध्यें बारा राज्यांत पाहणी केली. त्यांत महाराष्ट्र नव्हता, परंतु चित्र आपल्याला परकें नाहीं. प्रौढांपैकीं शेंकडा सुमारें साडेदहा लोकांना पाहणीच्या वेळीं कांहीं ना कांहीं मानसिक विकार होता. आणि निरनिराळ्या विकारांत शेंकडा ७० पासून ९२ पर्यंत रुग्ण उपचाराविना होते. आपल्याकडे शासनाचीं चार जुनीं प्रादेशिक मनोरुग्णालयें पुणें, ठाणें, नागपूर व रत्नागिरी येथें आहेत. नाशिक जिल्ह्यांत त्यांपैकीं एकहि नाहीं. सुरगाणा किंवा पेठ येथील रुग्णाला तज्ज्ञासाठीं नाशिक गांठावें लागलें, तर औषधाच्या किंमतींत एस.टी.चें भाडें आणि सोबत येणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरीहि मिळवावी लागते. हा हिशेब कोणत्याहि पॉलिसींत नसतो.

आणि तरीहि असा विमा अशक्य आहे असें म्हणतां येत नाहीं. कारण तो आपल्या शेजारींच आहे. १९४८ च्या कायद्यानें सुरू झालेल्या कामगार राज्य विमा योजनेंत कामगाराला बाह्यरुग्ण म्हणून तपासणी व औषधें मिळतात. तिच्या दीर्घ आजारांच्या यादींत तीव्र मनोविकृतीचा समावेश आहे, आणि पात्र कामगाराला अशा आजारांत दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या शेंकडा ८० या दरानें भत्ता मिळूं शकतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत यंत्रावर उभ्या राहणाऱ्या कामगाराच्या विम्यांत जी कल्पना तत्त्वतः मान्य झाली, ती कॉलेज रोडवरच्या सुशिक्षित गृहस्थाच्या महागड्या पॉलिसींत मात्र नाहीं! योजनेच्या कारभाराविषयीं तक्रारी असतील. पण तत्त्व तिचें बरोबर आहे.

आणखी एक विसंगति सांगतों. दारू व अमली पदार्थ यांच्या सेवनाशीं निगडित मनोविकारांचा २०१७ च्या कायद्यानें मानसिक आजाराच्या व्याख्येंतच समावेश केला आहे. उलट व्यसनावरील उपचार विम्यांतून वगळण्याची मुभा नियामकाच्या प्रमाणित कलमांनींच कंपन्यांना दिली. ज्या घरांत बाटलीनें संसार धुऊन नेला, त्या घराला ही विसंगति समजावून कोण सांगणार?

आतां आपल्या हातीं काय आहे, तें पाहूं. पहिली गोष्ट ही कीं, विम्याचा अर्ज भरतांना पूर्वींचा आजार लपवूं नये. मुलीचें लग्न व्हावयाचें आहे, मुलाला नोकरी मिळावयाची आहे, अशा भयानें पुष्कळ कुटुंबें 'नाहीं' या शब्दापुढें खूण करितात. आणि पुढें संकट आल्यावर तोच कागद दावा फेटाळण्यास कारण होतो. सत्य सांगितल्यास कांहीं काळ थांबावें लागूं शकतें. २०२४ च्या नियमांप्रमाणें पूर्वींच्या आजारासाठीं ही मुदत तीन वर्षांहून अधिक ठेवतां येत नाहीं. तसेंच सलग पांच वर्षें पॉलिसी चालू राहिल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडविल्याच्या सबबीवर दावा नाकारतां येत नाहीं. दुसरी गोष्ट, दावा अन्यायानें नाकारला गेल्यास गप्प बसूं नये. प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरांत समाधान न झाल्यास पुण्याच्या विमा लोकपालांकडे वर्षाच्या आंत जावें. तेथें फी नाहीं आणि वकिलाचीहि गरज नाहीं. तिसरी गोष्ट, ज्यांची पॉलिसी नोकरीच्या ठिकाणीं सामुदायिक आहे, त्यांनीं नूतनीकरणापूर्वीं व्यवस्थापनाला एकच प्रश्न विचारावा: मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण भेटी यांत आहेत काय? एकट्यानें विचारण्यास संकोच वाटेल; संघटनेनें विचारल्यास कोणाचेंहि नांव उघड होत नाहीं.

ज्यांना तातडीनें कोणाशीं तरी बोलण्याची गरज आहे, त्यांच्यासाठीं ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सुरू आहे. मराठींतूनहि बोलतां येतें.

श्रोतेहो, अनेकांनीं थोडें थोडें देऊन एकावर आलेला भार वाहावा, एवढाच विम्याचा अर्थ. परंतु भार आहे हें कोणी बोललेंच नाहीं, तर तो वाहण्यास पुढें येणार कोण? कपाटांतली पॉलिसी आज रात्रीं जेवणानंतर बाहेर काढा, आणि 'मानसिक आजार' हे दोन शब्द तींत कोठें व कसे आले आहेत, तें घरांतील सर्वांसमक्ष मोठ्यानें वाचा. त्या वाचनानें एक दावा मंजूर होईल किंवा न होईल. पण ते शब्द त्या घरांत उच्चारले तरी जातील.