गोकर्णाची वेल आणि आठवीचा वर्ग

(पालक मेळाव्यातील भाषण)



शिक्षकाने अभ्यासावर बोलावे अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र आज एका वेलीविषयी बोलणार आहे. गोकर्णाची निळी-जांभळी फुले हिंगोली, कळमनुरी, वसमतकडे अनेक घरांच्या कुंपणावर दिसतात. फूल गाईच्या कानासारखे, म्हणून नाव गोकर्ण. तिच्या शास्त्रीय नावातील ‘टर्नाटिया’ हा शब्द आज इंडोनेशियात असलेल्या टर्नाटे बेटावरून आला. मलेशियातील केलांतानकडे याच फुलांनी भाताला निळा रंग देतात.

मी बी.ए., बी.एड., म्हणजे भाषेचा माणूस. विज्ञान शिक्षकाची जागा रिकामी राहिल्याने आठवीचे विज्ञान माझ्याकडे आले. ‘आम्लात निळा लिटमस तांबडा होतो’ हे मी फळ्यावर लिहिले, मुलांनी पाठ केले. मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, “सर, लिटमस कसा असतो?” कपाटात लिटमस नव्हता. “पुस्तकात आहे तेवढे लिही,” असे मी म्हणालो. त्यानंतर त्याने प्रश्न विचारणेच सोडले. चूक माझी होती.

पुढे वाचनात आले की, गोकर्णाचा रंगही हेच काम करतो. मी वर्गात फुले मागितली. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा अम्मीने लावलेल्या वेलीची ओंजळभर फुले घेऊन आला. गरम पाण्यात पाकळ्या टाकताच पाणी निळे झाले. लिंबू पिळले, ते जांभळे झाले. दुसऱ्या पेल्यात खाण्याचा सोडा टाकला, तर हिरवट झाले. सारा वर्ग टेबलाभोवती गोळा झाला. तो मुलगा म्हणाला, “सर, चिंचेचं पाणी टाकलं तर? आणि साबणाचं?” घंटा झाली तरी कोणी हलेना.

ही वेल लावणे अवघड नाही. बी टणक असते. ते खरखरीत दगडावर हलके घासून रात्रभर भिजवावे. मृगाचा पाऊस पडला की अर्धा इंच खोल टोचावे. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून तीत वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळावे. नाहीतर मुळे कुजतात. भरपूर ऊन आणि आधाराला तुराट्या किंवा पऱ्हाट्या पुरतात. साधारण दोन महिन्यांत फुले येतात. वेल शेंगवर्गातली असल्याने मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र धरतात आणि जमिनीचा कस वाढतो. शेंगा वाळल्या की तडकण्यापूर्वी बी काढून ठेवावे. मात्र बी आणि मूळ मुलांनी तोंडात घालू नये.

त्या मुलाला आठवीनंतर गॅरेजात कामाला लावायचे असे घरी चालले आहे. गॅरेजचे काम हलके मुळीच नाही, आणि घरची ओढाताणही मी जाणतो. त्याचे अब्बा कदाचित आज येथे बसले असतील. त्यांना आणि आपणां सर्वांना माझी एवढीच विनंती आहे. घरी गेल्यावर मुलाला चार फुले आणि एक लिंबू द्यावे. तो काय करतो, काय विचारतो, ते शेजारी बसून पाहावे. निर्णय त्यानंतर घ्यावा.

दाराजवळ बियांच्या पुड्या ठेवल्या आहेत. जाताना एकेक घेऊन जावी.