सहाव्या वर्षीची दाढ

साधारण सहाव्या वर्षी मुलांचे पुढचे दुधाचे दात हलायला लागतात आणि अख्ख्या घराचं लक्ष तिकडे लागतं. त्याच सुमारास मागे, शेवटच्या दुधाच्या दाढेपलीकडे, एक रुंद दाढ गुपचूप वर येते. तिच्या जागी आधी दुधाचा दात नसतो. त्यामुळे काही पडत नाही, कुणाला पत्ताही लागत नाही. पुढे तिला कीड लागली की आईवडील दंतवैद्याला म्हणतात, ‘दुधाचीच ना? पडेल की!’

ती पडायची नसते. ती कायमची दाढ.

खालच्या जबड्यातल्या या दाढेच्या माथ्यावर बहुधा पाच उंचवटे असतात. तीन गालाकडे, दोन जिभेकडे. जीभ मागे नेली तरी ते जाणवतील. वरच्या दाढेला मोठे उंचवटे चार. काहींना टाळूच्या बाजूला आणखी एक इवलासा असतो. व्हिएन्नाचे दंतवैद्य गेओर्ग काराबेली यांच्या नावाने तो ओळखला जातो. चावायला त्याचा फारसा उपयोग नाही, पण मानववंशशास्त्रज्ञांना त्याचं भारी अप्रूप.

दात मिटले की वरच्या दाढेचा टाळूकडचा पुढचा उंचवटा खालच्या दाढेच्या मधल्या खळग्यात बसतो. घास तिथे चिरडतो. मग जबडा किंचित बाजूला सरकतो आणि उतारावर उतार घासला जातो. जात्याला टाकी लावतात ती याचसाठी. गुळगुळीत दगडावर ज्वारी नुसती घसरते.

पण ज्या खाचांच्या जोरावर दाढ दळते, त्याच तिच्या मुळावर उठतात. उंचवट्यांवर एनॅमलचा थर दोन-अडीच मिलिमीटर असतो. खाचेच्या तळाशी तो फार पातळ. काही खाचा इतक्या अरुंद, की ब्रशचा केसही आत जात नाही. बिस्किटाचा लगदा मात्र जातो, आणि त्यावर जगणारे जंतू आम्ल तयार करतात. वरून जेमतेम काळी रेघ दिसते, आत दाढ पोखरलेली असते.

१९५५ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या मायकल बुओनोकोर यांनी दातावर फॉस्फोरिक आम्ल लावून पाहिलं. अर्ध्या मिनिटात एनॅमल खरखरीत झालं आणि त्यावर अ‍ॅक्रिलिक घट्ट धरलं. खाचा बुजवणारं ‘सीलंट’ पुढे याच युक्तीतून आलं. त्याला इंजेक्शन लागत नाही. फक्त दाढ कोरडी हवी. आम्ल धुतलेल्या जागी लाळ लागली की सीलंट सुटतं. गालात कापूस धरून सहा वर्षांच्या मुलाला तोंड उघडं ठेवायला लावायचं, ही खरी कसरत. बाराव्या वर्षाच्या सुमारास दुसरी दाढ येते, तेव्हा तेच मूल निमूट बसतं.