तारामती ते आनंदीबाई : दुर्गाबाई खोटे
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



1913 साली पडद्यावर आलेला ‘राजा हरिश्चंद्र’ दादासाहेब फाळक्यांनी काढावयास घेतला तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री मिळेना, आणि अखेर उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणास लुगडे नेसवून अयोध्येची राणी करावे लागले, ही हकीकत आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमला या मायलेकी पडद्यावर आल्या, हेही विसरून चालणार नाही, परंतु त्यांच्या धाडसानंतरही ‘घरंदाज’ या एका शब्दाची तटबंदी जशीच्या तशी उभी राहिली होती. पुढे एकोणीस वर्षांनी, 1932 साली, कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतला पहिला बोलपट तयार केला, तेव्हा तीच तारामती एका सॉलिसिटराच्या कन्येने, सेंट झेवियर्स कॉलेजात शिकलेल्या आणि दोन मुलांची आई असलेल्या एका कुलवधूने साकार केली.

दुर्गाबाईंचे माहेरचे नाव विटा लाड. जन्म 14 जानेवारी 1905 चा, मुंबईतला. कुटुंब मूळचे गोव्याकडील, घरात कोकणी बोलली जाई, आणि शिक्षण कॅथीड्रलसारख्या इंग्रजी शाळेत झालेले. असे असूनही त्यांच्या मुखातून निघणारी मराठी इतकी स्वच्छ, ठाम आणि वजनदार असे, की बोलपटाच्या त्या बाल्यावस्थेत उच्चार कसा असावा याचा दाखला म्हणून त्यांच्याकडेच बोट दाखवावे. सासर खोट्यांचे, सधन. परंतु वैभव ओसरले, संसाराचा भार अंगावर आला, आणि शिकवण्या करून दिवस काढणाऱ्या या तरुण स्त्रीने 1931 साली ‘फरेबी जाल’ नावाच्या मूकपटाला जोडलेल्या लहानशा बोलत्या भागात काम पत्करले. चित्रपट पडला, आणि खोट्यांच्या सुनेने तोंडाला रंग फासला म्हणून समाजात जो गदारोळ उठला तो निराळाच. अशा वेळी प्रभातचे दिग्दर्शक शांतारामबापू यांच्याकडून तारामतीचे बोलावणे आले आणि त्या कोल्हापुरास रुजू झाल्या. मला या जीवनचरित्रात सर्वांत मोठे वाटते ते हेच दुसरे पाऊल, कारण पहिले पाऊल गरजेपोटी कोणीही टाकील. बदनामीची पुरती चव घेतल्यानंतर त्याच वाटेवर पुन्हा पाऊल ठेवावयास निराळे काळीज लागते.

त्या बोलपटातील हरिश्चंद्र आणि संगीतकार एकच, गोविंदराव टेंबे. ‘मानापमाना’च्या ज्या चालींनी बालगंधर्वांची भामिनी 1911 साली महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली, त्या चाली बांधणारा हा कलावंत आता एका सुशिक्षित स्त्रीच्या शेजारी, तिचा पती म्हणून, कॅमेऱ्यासमोर उभा होता. पार्श्वगायनाची सोय तेव्हा नव्हती. नटाने अभिनय करता करताच गावयाचे, वादकांनी चौकटीबाहेर दडून साथ करावयाची, आणि ध्वनिग्राहक जवळ कोठेतरी लपवलेला असल्यामुळे मान वळवतानाही आवाज हरवणार नाही याचे भान ठेवावयाचे. काशीच्या बाजारात स्वतःची विक्री होताना उभी राहिलेली ती राणी पाहा. तिच्या ताठ मानेत आणि संयमात तंत्राची एवढी अडचण कोठे गडप झाली, हे शोधूनही सापडत नाही.

नटाने एकाच कंपनीच्या पगारावर राहावयाचे, हा त्या काळचा शिरस्ता. दुर्गाबाईंनी तो मानला नाही. प्रभातकडून त्या कलकत्त्यास गेल्या, देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली ‘राजरानी मीरा’ आणि ‘सीता’ केले, आणि 1936 साली पुन्हा प्रभातमध्ये, या वेळी पुण्यास, येऊन ‘अमर ज्योती’तील सौदामिनी उभी केली. आईचा मुलावरील हक्क नाकारणाऱ्या राजसत्तेविरुद्ध समुद्रावर बंड पुकारणारी ही नायिका त्या काळातील प्रेक्षकांनी कौतुकाने पाहिली, याचे मला आजही नवल वाटते. 1937 साली ‘साथी’ची निर्मिती आणि दिग्दर्शन दोन्ही त्यांनी केले. आणि 1941 साली, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, अत्र्यांच्या ‘पायाची दासी’त त्यांनी खाष्ट सासूची भूमिका स्वीकारली! कोणती यशस्वी नायिका त्या वयात आपले तारुण्य इतक्या सहज खाली उतरवून ठेवील? पुढील वर्षी ‘भरत मिलाप’ची कैकेयी, 1960 साली ‘मुघल-ए-आझम’ची जोधाबाई, 1973 साली ‘बॉबी’तील गोमंतकीय ख्रिस्ती आजी, अशी ही मालिका लांबत गेली. 1983 साली मिळालेला पुरस्कार ज्या दादासाहेबांच्या नावाचा होता, त्यांनाच सत्तर वर्षांपूर्वी तारामती मिळाली नव्हती.

परंतु माझे मत स्पष्ट सांगतो : चित्रपटाने दुर्गाबाईंना मान दिला, पूर्ण ओळखले मात्र रंगभूमीने. पडदा त्यांना उत्तरोत्तर आईच्या भूमिकेत बसवीत गेला आणि त्यांच्या ठायी असलेले तेज वात्सल्याखाली झाकीत गेला. मुंबई मराठी साहित्य संघाच्या रंगमंचावर मात्र खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’त त्या आनंदीबाई झाल्या, समोर राघोबादादा म्हणून नानासाहेब फाटक, आणि 1954 साली शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’वरून लिहिलेल्या ‘राजमुकुटा’त, हर्बर्ट मार्शल यांच्या दिग्दर्शनाखाली, याच जोडीने शेक्सपिअरचे ते शापित दांपत्य उभे केले. दोन्ही स्त्रिया एकाच मातीच्या आहेत. एक ‘ध’चा ‘मा’ करून पुतण्याचा घात घडविणारी म्हणून आपल्या जिभेवर बसलेली, दुसरी पतीच्या डळमळत्या हातात खंजीर देणारी. आणि दोघींनाही केवळ दुष्ट ठरवून मोकळे होणे फार सोपे आहे. दुर्गाबाईंसारख्या अभिनेत्रीला अशी भूमिका देण्याचा अर्थच हा, की पतीच्या दुबळेपणामुळे स्वतःचे कर्तृत्व सडत चाललेले पाहणारी स्त्री प्रेक्षकांस दिसावी, आणि पापाबरोबर तिची घुसमटही त्यांनी सोबत घेऊन जावे. ज्या बाईने कोसळलेला संसार स्वतः सावरला, तिला सत्तेच्या उंबरठ्यावर अडवलेल्या स्त्रीचे मन वेगळे समजावून द्यावे लागले नसेल.

1982 साली त्यांचे ‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. अखेरची वर्षे त्यांनी अलिबागेस काढली, आणि 22 सप्टेंबर 1991 रोजी त्यांचे निधन झाले.

जाता जाता आपणांस एक विनंती आहे. ‘अयोध्येचा राजा’ सुदैवाने टिकला आहे, तो पाहता येतो. परंतु रंगमंचावरचा अभिनय पडदा पडताच पाहणाऱ्याच्या स्मरणात राहावयास जातो. ज्यांनी त्या काळी गिरगावात साहित्य संघाच्या रंगमंचासमोर बसून ती आनंदीबाई, तो ‘राजमुकुट’ पाहिला, ते आता नव्वदीच्या घरात आहेत. आपल्यापैकी कोणाच्या घरी असे आजोबा, अशा आजी असतील, तर या उन्हाळ्यातच त्यांच्यापाशी वही घेऊन बसा, दुर्गाबाई उभ्या कशा राहत, कोठे थांबत, आवाज कोठे खाली आणीत, हे त्यांना विचारा, आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा.