चालत्या संगणकाची दुरुस्ती

राहत्या घरातील माणसे बाहेर न काढता छपराची तुळई बदलणे हे कसबी सुताराचे काम होय. संगणकाच्या गाभ्याची दुरुस्तीही आज अशाच रीतीने, यंत्र बंद न करता, होऊ शकते. ती कशी होते आणि कोठवर होते, हे जाणून घेण्यासारखे आहे.

संगणकात चालणारे प्रत्येक काम ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर अवलंबून असते. स्मृतीतील जागा, तबकडीवरील नोंदी, दूरच्या यंत्राशी दळणवळण, हे सारे त्याच्याच अनुमतीने चालते. साहजिकच या गाभ्यात दोष आढळला, की सर्व कामे थांबवून यंत्र नव्याने सुरू करावयाचे, ही जुनी रीत. घरच्या संगणकाला यात चार मिनिटे जातात. परंतु रुग्णालयाचा, बँकेचा किंवा दूरध्वनी केंद्राचा संगणक भर दिवसा कोण थांबवील? म्हणून देखरेख करणारा दुरुस्ती रविवारच्या रात्रीवर ढकलतो.

खरा धोका या विलंबातच आहे. दुरुस्ती प्रसिद्ध झाली, की दोष कोठे होता हे सज्जनांप्रमाणे चोरांनाही कळते. २०१६ च्या ऑक्टोबरात लिनक्सच्या गाभ्यातील ‘डर्टी काऊ’ नावाचा दोष उघडकीस आला. सामान्य वापरकर्त्याला त्यामुळे यंत्राचे सर्वाधिकार बळकावता येत. हा दोष २००७ पासून गाभ्यात होता, आणि तो जाहीर होण्यापूर्वीच त्याचा गैरवापर सुरू झाला होता. अशा वेळी रविवारची वाट पाहणे परवडत नाही.

या अडचणीवर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील जेफ आर्नल्ड या विद्यार्थ्याने उपाय शोधला व २००८ मध्ये तो ‘केस्प्लाइस’ या नावाने पुढे मांडला. त्याची युक्ती शेताला पाणी देणाऱ्यास सहज उमजेल. पाट वाहता ठेवूनच तो एका वाफ्याचे दार लावतो आणि दुसऱ्याचे उघडतो. येथेही आज्ञांचा सदोष गट जागच्या जागी राहू देतात, सुधारलेला गट स्मृतीत दुसरीकडे ठेवतात, आणि जुन्या गटाच्या आरंभी ‘तिकडे जा’ अशी एक आज्ञा लिहितात.

मात्र ही आज्ञा लिहिताना कोणतेही काम त्या जुन्या गटाच्या मध्यावर असता कामा नये. यासाठी सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ सारे थांबवून प्रत्येक काम कोठवर आले आहे ते तपासले जाते. एखादे काम तेथे अडकलेले आढळले, तर थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करतात.

ही युक्ती कितपत उपयोगी पडते? मे २००५ ते मे २००८ या काळातील लिनक्सच्या सुरक्षिततेविषयीच्या ६४ दुरुस्त्यांवर तिची परीक्षा घेण्यात आली. त्यांपैकी ५६ दुरुस्त्या एकही नवी ओळ न लिहिता लागू झाल्या. उरलेल्या आठांसाठी प्रत्येकी सरासरी १७ ओळी लिहाव्या लागल्या. स्मृतीतील माहितीची मांडणीच जेथे बदलते, तेथे नुसते दार वळवून भागत नाही. आधीची माहितीही नव्या मांडणीत आणावी लागते, आणि ते काम जाणकारालाच करावे लागते.

पुढे २०११ मध्ये ओरॅकल कंपनीने केस्प्लाइस विकत घेतले. २०१४ मध्ये रेड हॅट व सूसे या कंपन्यांनी आपापल्या पद्धती पुढे आणल्या, आणि त्या दोहोंना सामायिक असा पाया एप्रिल २०१५ मधील लिनक्सच्या ४.० या आवृत्तीत समाविष्ट झाला.

तथापि अशी दुरुस्ती केवळ चालू स्मृतीत असते. यंत्र बंद पडून जुन्याच गाभ्यावर पुन्हा सुरू झाले, तर ती पुन्हा लावावी लागते. मोठे फेरबदल तर यंत्र नव्याने सुरू करूनच करावे लागतात. म्हणजे या विद्येने यंत्र थांबविण्याची गरज नाहीशी केलेली नाही. ते केव्हा थांबवावे हे ठरविण्याची मोकळीक तेवढी दिली आहे. तोवर दार उघडे राहणार नाही, याची काळजी देखरेख करणाऱ्यानेच घ्यावयाची आहे. आता त्याला रविवारची सबब मात्र उरलेली नाही.