मैदानावरचा निषेध



‘आंतरराष्ट्रीय सामन्यांत खेळाडूंनी राजकीय निषेध करावा काय?’ असा विषय चालकांनी मला दिला, तेव्हा मी त्यांना म्हटले की शहापूर-मुरबाडच्या मंडळींना हा प्रश्न कशाला? येथून ऑलिंपिकला कोण चालले आहे? चालकांपैकी एका वयस्क गृहस्थांनी उत्तर दिले, “गेले नाही म्हणून काय झाले? कबड्डी तर रोज खेळतात.” ते उत्तर मला पटले. म्हणून सुरुवात मी कबड्डीपासूनच करणार आहे.

आपल्याकडे भात कापून झाले, झोडणी आटोपली, की गावोगाव कबड्डीचे सामने सुरू होतात. रात्री दिव्यांच्या उजेडात किन्हवलीकडची पोरे सरळगावकडे जातात, सरळगावकडची इकडे येतात. या मैदानांवर आपण एकदा नीट नजर टाकावी. चषकाला कुणाचे नाव असते? मागे फलक असतो त्यावर किती पुढाऱ्यांची छायाचित्रे असतात? निवडणूक जवळ आली म्हणजे चषकांची संख्या कशी वाढते, हे मी तुम्हांला सांगायला नको. मुलांना फुकट मिळालेल्या बनियनवर छातीशी एका पुढाऱ्याचा चेहरा छापलेला असतो. हे राजकारण आहे असे कुणी म्हणत नाही. त्याला आपण ‘क्रीडाप्रेम’ म्हणतो.

आता अशी कल्पना करा. आपल्या तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. तेथले पाणी मोठमोठ्या नळांतून मुंबईला जाते, आणि वैशाख लागला की त्याच नळांच्या आसपासच्या पाड्यांवर बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. अशा एखाद्या पाड्याचा संघ समजा अंतिम सामन्याला दंडावर काळी फीत बांधून उतरला. काही घोषणा नाही, दगड नाही, सामना बंद पाडणे नाही. फक्त फीत. तर व्यासपीठावरून काय उद्गार निघतील? “खेळात राजकारण आणू नका!” आणि हे उद्गार काढणाऱ्याचेच चित्र त्या मुलांच्या छातीवर असेल.

येथेच मला विषयाचे मूळ दिसते. खेळाडू मैदानात उतरतो त्याच्या आधीच राजकारण तेथे येऊन बसलेले असते. म्हणून खेळाडूने ते आणावे की नाही, हा प्रश्न मला फारसा खरा वाटत नाही. आधीच येऊन बसलेल्या राजकारणासमोर त्याने गप्प राहायचे की नाही, हा प्रश्न खरा.

महाराष्ट्रात हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच उभा राहिला होता, आणि तो फार चांगल्या माणसांनी उभा केला. बाळू पालवणकर हे नाव आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी ऐकले असेल. जातीने चांभार. पुण्यात पारशी क्लबाच्या मैदानाची झाडलोट करून आणि रोलर ओढून महिन्याला तीन रुपये मिळत. पुढे युरोपियनांच्या क्लबात साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करू लागले आणि त्यांतून असा डावखुरा गोलंदाज तयार झाला की पुण्याच्या हिंदू क्लबाला साहेबांना हरवायचे तर त्यांच्यावाचून गत्यंतर उरले नाही. त्यांना संघात घेतले. मैदानावर त्यांनी शिवलेला चेंडू सर्वांना चालत असे. चहाची वेळ झाली की मात्र त्यांना पॅव्हिलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे.

प्लेगाच्या दिवसांत ते मुंबईस आले, रेल्वेत लागले, हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना हरवले, त्यात बाळूंचे आठ बळी होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ सपाटून हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. इतके झाल्यावर हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे आपसूक यावयास हवे होते. ते आले नाही. वर्षे गेली तरी आले नाही.

१९२० च्या डिसेंबरात मुंबईच्या चौरंगी सामन्यांच्या वेळी तर बाळूंना संघातूनच वगळले. कर्णधार पै पहिल्या सामन्याला येऊ शकत नव्हते, तेव्हा नेतृत्व द्यावयाचे ते बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल यांनाही न देता देवधरांना दिले. आता प्रा. दि. ब. देवधर हे काही लहानसहान खेळाडू नव्हते. पुढे रणजी करंडक महाराष्ट्राला मिळवून देणारे तेच. त्यांच्याविषयी राग धरण्याचे कारण नाही. पण विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी विचार केला आणि सांगितले की आम्ही खेळणार नाही. तसे निवेदन त्यांनी वर्तमानपत्रात दिले. गुणापेक्षा जात वरचढ ठरत असेल तर स्वाभिमान ठेवून या संघात राहता येत नाही, असा त्याचा आशय होता.

हे सामने म्हणजे आजच्यासारखे देशादेशांचे नव्हते. पण त्या काळी हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन असे संघ समोरासमोर येत, राज्यकर्ते पाहायला बसत, मुंबई लोटत असे. परदेशी माणसापुढे आपले वाभाडे काढायचे नाहीत, हा आपला जुना दंडक. त्या भावांनाही तो ऐकवला गेला असेलच. तरी ते बाहेर राहिले.

परिणाम काय झाला? तडजोड करावी लागली. अंतिम सामन्यासाठी बाळूंना परत बोलावून उपकर्णधार केले, भाऊ संघात परतले, आणि पै काही काळ मैदानाबाहेर थांबले, त्यामुळे बाळूंना नेतृत्व करता आले. पै यांची ही कृती मला विशेष वाटते. तिच्याविषयी कुणी फारसे बोलत नाही. पुढे १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले, त्या वर्षी हिंदू संघ जिंकला, आणि लोकांनी त्यांना खांद्यावर घेतले. विठ्ठलरावांनी पुढे आत्मचरित्र लिहिले तेही मराठीतच, ‘माझे क्रीडा-जीवन’ नावाने.

यावर कुणी म्हणेल, हे तर स्वतःच्या हक्काचे भांडण झाले. होय, झाले. मला ते कमीपणाचे वाटत नाही. ज्याला चहा बाहेर मिळाला त्याने चहाविषयी बोलू नये, आणि ज्याला आत मिळाला त्याने मात्र देशाच्या अब्रूविषयी बोलावे, हा कुठला न्याय?

आता समुद्रापलीकडे जाऊ. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक भरले. सगळीकडे हिटलरचे झेंडे. आपला हॉकी संघ ध्यानचंदांच्या नेतृत्वाखाली गेला होता, पण त्याचा झेंडा आपला नव्हता, राज्यकर्त्यांचा होता. त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनी आपली कबड्डी करून दाखवली, हे सांगितल्यावाचून मला राहवत नाही. असो. १५ ऑगस्टला जर्मनीशी अंतिम सामना होता. सरावाच्या सामन्यात जर्मनीने आपल्याला हरवले होते, म्हणून मुले धास्तावलेली. सामन्यापूर्वी कपडे बदलण्याच्या खोलीत सहव्यवस्थापक पंकज गुप्ता यांनी काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला. सर्वांनी त्याला वंदन केले आणि मग मैदानात जाऊन आठ विरुद्ध एक असा सामना जिंकला. ध्यानचंद हे लष्करातले शिपाई, सरकारचे मीठ खाणारे. तो झेंडा त्यांनी मैदानावर काढला असता तर काय झाले असते, हे सांगायला नको. दार लावून केलेला निषेधही निषेधच. त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार निदान मला तरी नाही.

बत्तीस वर्षांनी, १६ ऑक्टोबर १९६८ रोजी मेक्सिकोत तेच उघड्यावर झाले. दोनशे मीटरची शर्यत टॉमी स्मिथ या अमेरिकन काळ्या धावपटूने जागतिक विक्रम करून जिंकली. जॉन कार्लोस तिसरा आला. पदके घ्यायला दोघे बूट काढून, काळे मोजे घालून चढले, आपल्या लोकांचे दारिद्र्य दाखवावे म्हणून. राष्ट्रगीत सुरू होताच माना खाली घालून त्यांनी काळा हातमोजा घातलेली मूठ वर केली. हातमोज्यांचा जोड एकच होता, म्हणून एकाचा उजवा हात वर, दुसऱ्याचा डावा. दोघांनाही संघातून काढून परत पाठवले. त्या वेळी ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष ॲव्हरी ब्रंडेज होते. हेच गृहस्थ १९३६ साली अमेरिकेने बर्लिनला गेलेच पाहिजे म्हणून झटले होते, आणि तेथल्या नाझी सलामांत त्यांना खेळाचे पावित्र्य बिघडलेले दिसले नव्हते. आपल्या चषकवाल्या पुढाऱ्यांचे हे थोरले भाऊच म्हणा ना.

पण त्या चित्रातला मला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस तिसराच आहे. दुसऱ्या क्रमांकावर उभा असलेला गोरा ऑस्ट्रेलियन, पीटर नॉर्मन. त्याने मूठ उचलली नाही. त्या दोघांच्या चळवळीचा एक बिल्ला छातीवर लावला, एवढेच. तेवढ्यानेही त्याला मायदेशी उपेक्षा सोसावी लागली. १९७२ च्या ऑलिंपिकला त्याची निवड झाली नाही. त्याची त्या दिवसाची वेळ ऑस्ट्रेलियाचा विक्रम म्हणून पन्नासहून अधिक वर्षे टिकली. २००६ साली तो वारला तेव्हा स्मिथ आणि कार्लोस यांनी त्याच्या शवपेटीला खांदा दिला. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने २०१२ साली त्याची क्षमा मागितली. ऐकायला तो नव्हता.

दुसऱ्या बाजूचेही म्हणणे आहे, आणि ते हलके नाही. देशाचा पोशाख एकट्याचा नसतो. संघात अकरा जण असतील तर एकाच्या मताचे ओझे दहांनी का वाहावे? शिवाय आज मला आवडणाऱ्या गोष्टीसाठी फीत बांधू दिली, तर उद्या मला किळस वाटणाऱ्या गोष्टीसाठीही बांधू द्यावी लागेल. या भीतीनेच ऑलिंपिकच्या सनदेत निदर्शनांना बंदी घालणारे पन्नासावे कलम आहे. टोकियोच्या वेळी, २०२१ साली, ते जरा सैल केले: सामना सुरू होण्यापूर्वी मैदानावर भावना व्यक्त करता येते, पदकाच्या चौथऱ्यावर नाही. काही महिला फुटबॉल संघांनी त्याप्रमाणे सामन्याआधी गुडघा टेकलाही. खेळ बिघडला असे कुणाला दिसले नाही.

मला विचाराल तर मी निषेधाचा विषय पाहणार नाही, त्याची किंमत कोण भरतो ते पाहीन. पालवणकर बंधूंनी आपला सामना सोडला. स्मिथ-कार्लोसनी आपले दिवस पणाला लावले. प्रतिस्पर्ध्याच्या पायात पाय घातला नाही, त्याचे यश हिरावले नाही. उलट १९७४ साली डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत आपण दक्षिण आफ्रिकेशी खेळायला नकार दिला. वर्णद्वेषाशी खेळणार नाही, हे धोरण योग्यच होते. मी त्याच्या बाजूचा आहे. पण तो निर्णय अमृतराज बंधूंचा नव्हता, वरून आलेला होता. चषक न खेळता दक्षिण आफ्रिकेला गेला, आणि तो आपल्याला आजवर मिळालेला नाही. निर्णय दिल्लीचा आणि किंमत विशीतल्या पोरांची, हे विसरून आपण त्याचा अभिमान सांगतो. १९८० आणि १९८४ च्या ऑलिंपिक बहिष्कारांविषयी तर बोलायलाच नको. तेथे खेळाडूंना कुणी विचारलेच नाही. सरकारने खेळाडूकडून निषेध करवून घेणे आणि सरकारने त्याला गप्प बसवणे, यांत मला फार अंतर दिसत नाही.

किंमतीची ही गोष्ट या मातीत नवी नाही. सिद्धगड मुरबाड तालुक्यातच आहे. मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडणारे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तेथे २ जानेवारी १९४३ रोजी पडले. दर वर्षी त्या दिवशी आपण वर जातो. खेळाडूच्या फितीची मी त्याच्याशी तुलना करीत नाही. फक्त एवढेच की व्यासपीठावरून दुसऱ्याला किंमत भरायला सांगणे सोपे असते, आणि हे व्याख्यान तयार करताना मलाही त्याची आठवण ठेवावी लागली.

कारण चार दिवसांपूर्वी मी आपल्याच भागातल्या एका मुलाला गाठले. कबड्डीत चढाई करतो, जिल्ह्याच्या संघात निवड झालेली आहे. घरी दोन एकर भात, तोही पावसावर. पाण्यासाठी आई पहाटे चारला उठते. मी त्याला ती काळ्या फितीची कल्पना सांगितली आणि विचारले, “तू बांधशील का रे?” तो थोडा वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरीत राहिला. मग म्हणाला, “सर, पोलीसभरतीत खेळाडूंच्या जागा असतात. आधी भरती होऊ द्या.”

मी पुढे काही बोललो नाही. बाळू पालवणकरांनासुद्धा रेल्वेची नोकरी आधी लागली होती, हे मला घरी आल्यावर आठवले. निघताना त्यानेच मला हाक मारून थांबवले आणि विचारले, “पण सर, सगळ्या संघांनी एकदम बांधली तर?”