लोक हसले, ते कुणावर?
(टेंभुर्णी येथे महिला मेळाव्यात केलेले भाषण)



टेंभुर्णीला तमाशा नवा नाही. जवळच मोडनिंबला संगीतबारीची कलाकेंद्रं आहेत. पण आज मी नाचणारीबद्दल नाही, हसवणाऱ्याबद्दल बोलणार आहे.

गण झाला की गौळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्ण आणि पेंद्या अडवतात. गवळणींची म्होरकी मावशी. ती हजरजबाबी, कृष्णालाही सुनावणारी. आणि ही मावशी म्हणजे रिवाजानं पदर घेतलेला पुरुष! बाईची जीभ धारदार असते हे तमाशाला मान्य, पण ती चालवायची पुरुषानं. खऱ्या बाईनं नाचायचं, आणि मावशीच्या वयावर, रूपावर लोकांनी हसायचं.

वगात मात्र सोंगाड्या राजाची, प्रधानाची फजिती करतो. ‘गाढवाचं लग्न’मधला दादू इंदुरीकरांचा सावळ्या कुंभार आठवा. गावात ज्यांना मान वर करून बोलता येत नव्हतं, त्या दलित कलावंतांनी बोर्डावर उभं राहून सत्तेला हसायची रीत जगवली. हे बळ मोठं आहे. ते बाईच्या हाती का नसावं?

१९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेनं ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ उभं केलं. त्यात बाया हसवतात, आणि हसू येतं ते मुलगाच हवा म्हणणाऱ्या घरावर.

आपल्या गटांनी पथनाट्य बसवताना एवढंच विचारावं: लोक हसले, ते कुणावर? मार खाणाऱ्या बाईवर हसले, तर ते वाक्य काढून टाका. मारणाऱ्यावर हसले, तर पुढच्या गावाला चला.