जुन्या हार्ड डिस्कची चाल

घरातला जुना संगणक सुरू व्हायला फार वेळ लागू लागला, की कुणीतरी सांगतं, आता नवाच घ्या. हा सल्ला मला पटत नाही. अशा बहुतेक संगणकांचा प्रोसेसर पत्रं लिहायला, हिशेब करायला, मुलांच्या अभ्यासाला अजून पुरेसा असतो. अडतं ते हार्ड डिस्कपाशी.

या डिस्कच्या बंद डबीत तबकड्या फिरत असतात, मिनिटाला ७२०० फेरे. लॅपटॉपमध्ये बहुधा ५४००. माहिती वाचणारं हेड आधी योग्य जागी सरकतं आणि मग हवा तो भाग फिरत त्याच्याखाली येण्याची वाट पाहतं. यात सेकंदाचा शंभरावा भाग सहज जातो. माहिती सलग असेल तर तीच डिस्क सेकंदाला शंभर मेगाबाइट देऊ शकते. पण ती ठिकठिकाणी विखुरलेली असेल, तर सेकंदाला शंभर तुकडेही जेमतेम हाती लागतात. प्रोसेसर तोवर ताटकळतो. म्हणून आपले सगळे उपाय एकाच दिशेचे असायला हवेत: हेडची धावपळ कमी करायची.

पण त्याआधी फोटो आणि कागदपत्रांची दुसरी प्रत काढा. हे मी आग्रहानं सांगतो. मंद झालेली डिस्क कधीकधी मरणपंथाला लागलेली असते. क्रिस्टल-डिस्क-इन्फोसारखा मोफत प्रोग्रॅम डिस्कनं स्वतःच केलेल्या नोंदी दाखवतो. खराब झालेले सेक्टर वाढत असतील किंवा टकटक आवाज येत असेल, तर डीफ्रॅगच्या, म्हणजे फाइलचे विखुरलेले तुकडे जुळवण्याच्या, वाटेला जाऊ नका. त्या श्रमानं ती लवकर बंद पडेल.

डिस्क धडधाकट असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबा. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडेल. डिस्कपुढे सतत शंभर टक्के दिसत असेल, तर शेजारचा मेमरीचा आकडाही पाहा. रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कचाच मेमरीसारखा वापर करतं, आणि मग हेडला क्षणाची उसंत नसते. अशा वेळी रॅम वाढवल्याशिवाय इतर उपायांचा फारसा उपयोग होत नाही. संगणकासोबत आपोआप सुरू होणारे अनावश्यक प्रोग्रॅमही इथेच बंद करता येतात.

डिस्क काठोकाठ भरू देऊ नका. ती साधारणपणे बाहेरच्या कडेकडून भरत जाते, आणि तिथे एका फेऱ्यात जास्त माहिती मावते. आतल्या भागात वेग उतरतो. शिवाय मोकळी जागा नसेल तर नव्या फाइलचे तुकडे होतात. डीफ्रॅग हे तुकडे जुळवतं. विंडोज ते ठरल्या वेळी स्वतःच करतं, पण संगणक क्वचितच चालू होत असेल, तर महिन्यातून एकदा आपणच करावं.

इतकं करूनही समाधान झालं नाही, तर या डिस्कऐवजी एसएसडी बसवा. तिच्यात फिरणारं काहीच नाही, त्यामुळे वाट पाहणंही नाही. जुन्या मदरबोर्डच्या साटा जोडणीवर तिचा पूर्ण वेग मिळेलच असं नाही, तरी फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. तिला डीफ्रॅग मात्र करायचं नाही. काढलेली जुनी डिस्क यूएसबी केसमध्ये घालून फोटोंच्या जादा प्रतीसाठी ठेवा, एकमेव प्रतीसाठी नको.